'नैसर्गिक' चकाकीच्या पोटात

सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात दोन पंथ माजले आहेत. एक पंथ डबीवर हळद, चंदन, कोरफडीची चित्रे छापतो; दुसरा पांढऱ्या अंगरख्यातील शास्त्रज्ञ उभा करून रेणूंची नावे घोकतो. यांपैकी एकाची निवड ग्राहकाने करावी असा आग्रह आहे. या वादाचा पायाच कच्चा आहे. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिन या रसायनामुळे, हळद पिवळी दिसते ती कुर्क्युमिनमुळे. 'रसायनविरहित' प्रसाधन जगात अस्तित्वातच नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे, 'नैसर्गिक'ची नाही. ही पोकळी जाहिरातदारांच्या चांगलीच पथ्यावर पडलेली आहे.

जे निसर्गातून आले ते निरुपद्रवी, हेही खरे नव्हे. पारंपरिक सुरमा पुष्कळदा गॅलेना या खनिजाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइडची पूड असतो. शिसे बालकांच्या मेंदूला अपाय करते. 'काळी मेंदी' म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी हे द्रव्य मिसळलेले असते, आणि त्याने कातडीवर फोड उठतात. दुसरीकडे विज्ञानाचा झेंडा मिरवणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणासाठी सर्रास विकली गेली आणि अनेकींचे चेहरे कायमचे बिघडले. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द 2020 साली गळाला. तोवर त्या शब्दाने साडेचार दशके कमाई करून दिली होती.

पण या साऱ्या चर्चेत एक माणूस कुठेच दिसत नाही: माल तयार करणारा. ओठांच्या रंगाला व पापण्यांवरील भुकटीला जी झळाळी येते ती अभ्रकाची. अभ्रक खनिज आहे, म्हणून वेष्टनावर तो 'नैसर्गिक' ठरतो. झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या भागांत 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर बहुतेक अधिकृत खाणी बंद पडल्या. खणणे मात्र थांबले नाही. सोडून दिलेल्या बिळांतून आणि मातीच्या ढिगाऱ्यांतून 'ढिबरा', म्हणजे अभ्रकाचे तुकडे, वेचणारी कुटुंबे आजही तेथे आहेत, आणि त्यांच्यासोबत मुलेही. बीळ ढासळले तर बेकायदा कामाची वाच्यता नको म्हणून मृत्यूही लपवला जातो. 2016 साली एका वृत्तसंस्थेच्या चौकशीत अवघ्या दोन महिन्यांत सात मुले दगावल्याचे उघडकीस आले.

काही परदेशी कंपन्यांनी यावर प्रयोगशाळेत घडवलेल्या कृत्रिम अभ्रकाचा मार्ग काढला. येथे 'कृत्रिम' वस्तूच अधिक निष्कलंक ठरते, हे निसर्गभक्तांनी ध्यानात घ्यावे. परंतु एवढ्याने कंपनीचे हात तेवढे स्वच्छ होतात. ढिबरा वेचणाऱ्या बाईची दिवसाची मिळकत बुडते ती बुडतेच. 2015 साली केंद्राने अभ्रकाला गौण खनिजांच्या यादीत घातले आणि परवान्यांची जबाबदारी राज्य सरकारांवर सोपवली; 2025 साली त्याला त्या यादीतून पुन्हा बाहेर काढण्यात आले. वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना परवाने, किमान वेतन आणि मुलांसाठी चालू असलेली शाळा, या मागण्यांचे उत्तर रांची आणि पाटण्याला द्यायचे आहे.