वाळवंटाच्या नावावर किती धूर खपवायचा?

सहममध्ये हवा धूसर दिसली की आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: "अहो, वाळवंटी देश, धूळ असायचीच!" ते अर्धंच खरं आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे अल हजरचे डोंगर आणि मधे बातिनाची सपाट पट्टी. वारा सुटला की माती उडणारच. पण याच किनाऱ्यावर, सोहारच्या पलीकडे, बंदराला लागून तेलशुद्धीकरण, ॲल्युमिनियम आणि पोलादाचे कारखाने आहेत. आणि रस्त्यावरच्या गाड्या तर आपल्याच. मग छातीत जातंय ते वाळवंट की धूर?

हे ओळखता येतं. पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतचे सगळे कण, पीएम २.५ म्हणजे त्यांतलेच अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण. (आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड.) वाऱ्याने उडालेली माती बहुतांशी जाडसर असते, जळण्यातून निघणारे कण बारीक. म्हणून पीएम २.५ला पीएम १०ने भागायचं. धुळीच्या वादळात दोन्ही आकडे चढतात, पण भागाकार खाली येतो. तो वर गेला तर संशय धुरावर. पक्कं निदान हवं असेल, तर फिल्टरवर जमलेल्या कणांचं रासायनिक पृथक्करण करावं लागतं: सिलिकॉन सापडलं तर माती, काजळी आणि सल्फेट सापडले तर मुख्यतः ज्वलन. किनाऱ्यावर त्यात समुद्राचं मीठही मिसळतं.

म्हणून माझं मत असं, की इथलं पर्यावरण प्राधिकरण असो की आपल्याकडची महापालिका, एकच रंगीत एक्यूआय दाखवून थांबू नये. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, तासागणिक आणि वाऱ्याच्या दिशेसह द्यावेत. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून. चोवीस तासांची सरासरी काढली की हा सगळा पुरावा पुसला जातो.

नुसत्या पीएम १०वर भिस्त ठेवली की काय होतं, ते आपल्याकडे बघा. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, आणि त्यातली प्रगती मुख्यतः पीएम १०वर मोजली जाते. साहजिकच रस्ते धुणं आणि पाण्याचे फवारे यांची चलती. पाण्याने रस्त्यावरची धूळ बसते. ट्रकचा धूर काही बसत नाही. तरी आकडा सुधारतो आणि सगळे खूश!

घरी स्वस्तातलं यंत्र आणलेल्यांसाठी एक सूचना. ही यंत्रं कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. सहमसारख्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि पीएम २.५ खऱ्यापेक्षा जास्त दिसतं; उलट वाळवंटातली जाडसर धूळ या यंत्रांच्या नजरेतून बरीचशी सुटते. म्हणजे आपल्याला जो भागाकार हवा, नेमका तोच चुकतो. जवळ सरकारी केंद्र नसेल तर फोनवरचं ॲपही उपग्रह आणि गणिती प्रारूपावरून अंदाजच सांगतं. त्यामुळे हे काम आपण वर्गणी काढून उरकण्यासारखं नाही. ते प्रशासनाकडेच मागायला हवं.