टोचण्याआधी आईला बोलवा

काचेच्या पेटीतल्या अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाची टाच आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी असते. साखर बघायची, कावीळ बघायची, की त्याच टाचेत सुई. नेदरलँड्समधल्या २००३ च्या पाहणीत अतिदक्षता विभागातल्या नवजातांवर पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला सरासरी १४ वेदनादायक प्रक्रिया झाल्याचं आढळलं.

इतक्या लहान जिवाला दुखत नाही, असं डॉक्टरच मानत. १९८०च्या दशकातही केवळ स्नायू लुळे पाडून, पुरेशी भूल न देता काही बाळांची छाती उघडली गेली. भारतात जन्मलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये ही समजूत मोडीत काढली: शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांची प्रकृती कमी ढासळली. तो निबंध १९८७ चा.

पुढे व्हेंटिलेटरवरच्या बाळांना सरसकट मॉर्फिन सुरू झालं. आनंद यांनीच तेही ८९८ बाळांवर तपासलं. २००४ मध्ये उत्तर आलं: मेंदूतला गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही, मृत्यूही नाही, रक्तदाब मात्र उतरला. कॅनडातल्या २०१६ च्या अभ्यासात मॉर्फिन जास्त मिळालेल्या बाळांच्या लहान मेंदूची वाढ कमी दिसली. अर्थात जास्त आजारी बाळालाच औषध जास्त लागतं, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवणं अवघड. नवजात असताना मॉर्फिन मिळालेल्या डच मुलांना आठ-नऊ वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा बुद्धीवर दुष्परिणाम आढळला नाही. उलट, वारंवारच्या वेदनांचाही मेंदूची वाढ कमी होण्याशी संबंध दिसतो. म्हणून मॉर्फिनच्या धास्तीने बाळाला कळा सोसायला लावणं हा उपाय नव्हे. शस्त्रक्रियेत आणि नंतर ते हवंच.

रोजच्या टोचणीसाठी मात्र ते नको. ऑक्सफर्डमध्येच डोळ्यांच्या वेदनादायक तपासणीआधी तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहिलं. श्वास मंदावू लागल्याने ३१ बाळांनंतर चाचणी थांबवावी लागली, आणि वेदनाही कमी झाल्याचं दिसलं नाही.

खरा उपाय बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. आईच्या उघड्या छातीवर किंवा अंगावर पीत असताना टोचलं तर बाळाला कमी दुखतं, हे अनेक चाचण्यांत सिद्ध झालं आहे. तरीही कित्येक ठिकाणी आईला ‘भेटीच्या वेळेत’च आत सोडतात. रुग्णालयांनी ही वेळेची पाटी काढावी. एका टोचणीत होतील तेवढ्या तपासण्या उरकाव्यात. आणि आईवडिलांनी न संकोचता विचारावं: ही तपासणी आजच हवी का, आणि ती करताना बाळ माझ्या कुशीत राहू शकेल का?