इंजेक्शन झाले, तरी थेंब हवेतच

पल्स पोलिओच्या रविवारी हुबळी-धारवाडच्या एखाद्या बूथवर तासभर उभे राहून पाहावे. बांधकामावरील मजुरांची, भाजीवाल्यांची मुले रांगेत असतात. आपल्या समाजातील सुशिक्षित घरांतील मुले त्या मानाने तुरळकच दिसतात. कारण विचारले की पालकांचे उत्तर ठरलेले : “डॉक्टर, आम्ही इंजेक्शनची लस दिली आहे. आता पुन्हा थेंब कशाला?”

प्रश्न अडाणीपणाचा नाही, म्हणूनच त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. इंजेक्शनच्या लसीमुळे रक्तात प्रतिकारशक्ती निर्माण होते व ते बालक पांगळेपणापासून वाचते. परंतु पोलिओचा विषाणू वाढतो आतड्यात आणि पसरतो विष्ठेतून. आतड्यातच त्याला अटकाव करण्याचे काम तोंडावाटे दिलेले थेंब अधिक चांगले करतात. म्हणजे इंजेक्शन आपल्या बाळासाठी, तर थेंब त्याच्याबरोबरच शेजारच्या बाळासाठीही. दोन्ही हवीत.

थेंबांत जिवंत, दुर्बल केलेला विषाणू असतो, त्याचे काय, असेही काहीजण विचारतात. त्यापासून अपाय होणे अत्यंत विरळ आहे. मात्र जेथे बरीच मुले लसीविना राहतात, तेथे हाच विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहून कालांतराने पुन्हा घातक बनू शकतो. न्यूयॉर्कजवळील रॉकलंड परगण्यात २०२२ साली एका तरुणाला लसजन्य विषाणूमुळेच पक्षाघात झाला. त्याने स्वतः लस घेतलेली नव्हती. अमेरिकेसारख्या संपन्न देशात हे घडले!

भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यामुळे आजच्या तरुण मातापित्यांनी कॅलिपर लावून चालणारे लहान मूल पाहिलेलेच नसते. त्यांची भीती ओसरली, यात त्यांचा काय दोष? पण पाकिस्तान व अफगाणिस्तानातून हा विषाणू अद्याप गेलेला नाही.

आम्हा खासगी डॉक्टरांची चूक मात्र मी मान्य करतो. लसीकरणाची फाइल तपासून “सर्व पूर्ण आहे” असे आम्ही म्हणतो आणि रविवारच्या बूथचा उल्लेखही करीत नाही. पालकांना एवढे तरी सांगावे : पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाला बूथवर न्यावे. किरकोळ सर्दी असली तरी चालते. नित्याचा डोस गेल्याच आठवड्यात झाला असला, तरीही चालते.