प्रौढवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेविषयी

पावसाळा सरत येऊन बाजरीच्या कणसांत दाणा भरू लागला, की नगर जिल्ह्यातील (सरकारदप्तरी आता अहिल्यानगर जिल्ह्यातील) ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रौढवर्गांतून नाताळापर्यंतच्या कार्यक्रमांचे मसुदे तयार होऊ लागतात; आणि कापणीचा सण, उपवास-प्रार्थना, महिला मंडळाचा मेळावा, गीतगायनाची स्पर्धा, रुग्णभेट, भंडारदऱ्याची सहल, आगमनकाळाची तयारी, नाताळातील गीतफेरी असा तारीखवार तपशील त्यांत इतक्या दाटीवाटीने मांडलेला असतो, की तो वाचून एखाद्या मामलेदाराच्या दौऱ्याचा तक्ता पाहत असल्याचा भास व्हावा. या साऱ्याचा हेतू सभासदांची आध्यात्मिक वाढ हा होय, असे मसुद्याच्या शिरोभागी लिहिलेले असते. त्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तो हेतू आणि त्याखालची यादी यांची रुजवात कोणी घालून पाहतो काय, एवढेच मला विचारावयाचे आहे.

ज्या वाचकांचा या संस्थेशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रविवारच्या उपासनेच्या मागेपुढे, मुलांची शब्बाथशाळा भरते त्याच सुमारास, वयाने वाढलेली माणसे, त्यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, निवृत्त कारकून आणि शेतकरी असतात, एकत्र बसून शास्त्रपाठ वाचतात आणि उपदेश चालू असता मध्येच उठून जे विचारता येत नाही ते येथे एकमेकांना विचारतात. प्रौढांनी विद्यार्थी होऊन बसण्याची ही प्रथा जुनी आहे. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे 1798 साली प्रौढांची जी शाळा निघाली, ती गिरण्यांतून व जाळीदार वस्त्रांच्या कारखान्यांतून राबणाऱ्या तरुण स्त्रियांना बायबल वाचता यावे म्हणून निघाली होती.

त्याहून उद्बोधक हकीकत ब्रिस्टलची आहे. तेथील मेथॉडिस्ट मंडळीवर इमारतीच्या बांधकामाचे कर्ज झाले होते, आणि ते फेडावे कसे याचा विचार 1742 साली चालला असता अशी तोड निघाली, की दर बारा सभासदांमागे एकाने उभे राहून दर आठवड्यास प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, आणि ज्याला ती देणे परवडत नसेल त्याची भर वसूल करणाऱ्यानेच घालावी. वसुलीसाठी ही माणसे घरोघर जाऊ लागली तेव्हा कोणाच्या घरी आजार आहे, कोण दारूच्या आहारी गेला आहे, कोणाचे आपसांत भांडण आहे, हे त्यांच्या दृष्टीस पडू लागले. आणि जॉन वेस्ली यांनी तत्काळ ओळखले, की ज्या देखरेखीची आपल्याला उणीव भासत होती ती या जमाखर्चातून आपोआप हाती आली आहे. मेथॉडिस्टांचे सुप्रसिद्ध वर्ग जन्मास आले ते या कर्जाच्या पोटी. म्हणून कार्यक्रम म्हटला की तो केवळ बाह्य देखावा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही. उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरात शिरणे त्या पेनीमुळे घडले. आमच्या परिपत्रकांतील किती कलमांमुळे ते घडते, हे पाहिले पाहिजे.

प्रौढ माणसाचे अंतःकरण कसे वाढते याचा दाखला हवा असल्यास नगरकरांना ब्रिस्टलपर्यंत जाण्याची गरज नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 च्या अखेरीस येथे ठाणे दिले, 1833 साली मंडळी स्थापन झाली, 1842 साली येथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला; परंतु या सर्व इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर पतीपासून दूर राहण्याचा प्रसंग ओढवला. पुढे त्या नगरास आल्या खऱ्या, पण आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखून आल्या; आणि ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे, जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी घोळवून घोळवून सोडविला, अन्नपाण्याचा विटाळ मानणे टाकले, आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांत कोणी त्यांची हजेरी मांडली नाही. शिक्षण म्हणाल तर लिहिण्यावाचण्यापुरते, तेही लग्नानंतर मिळालेले. आणि याच बाईंनी पतीच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ नेटाने पुढे नेले. वाढीला अवधी लागतो, आणि त्या अवधीत माणसाला त्याच्या प्रश्नासह एकटे न टाकता, पण घाईही न करता, सोबत देणारे कोणी लागते. टिळकांनी या बाबतीत किती धीर धरला असेल, याची कल्पना त्यांच्या तापट स्वभावाच्या कथा ऐकलेल्यांनाच यावी!

खुद्द टिळकांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात, 1917 साली, मिशनच्या नोकरीचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ आरंभिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एकाच पंक्तीस बसविले. भजन-कीर्तनाचा मार्ग त्यांना पाश्चात्य उपदेशपद्धतीपेक्षा जवळचा वाटे. ज्या जिल्ह्यात नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि ज्या जिल्ह्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात धर्म न विचारता लोक लोटतात, तेथे प्रौढवर्गात महिन्याकाठी एखादे कीर्तन व्हावे, आणि कीर्तनानंतर श्रोत्यांनी शंका विचाराव्यात, हे गीतगायनाच्या स्पर्धेहून मला अधिक फलदायी वाटते. स्पर्धेत परीक्षक असतात, आणि परीक्षक असले की माणसे चुकायला भितात.

कार्यक्रम कमी केले तर माणसे येणार नाहीत, असा वडीलमंडळींचा आक्षेप असतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. सहलीच्या निमित्ताने तरुण जोडपी वर्गाकडे वळतात, हे मान्य केले पाहिजे. सहल राहू द्यावी. पण याद्या कोणाच्या सोयीने आखल्या जातात, हेही पाहावे. नोकरदारांची सुट्टी, शाळांचे वेळापत्रक आणि नाताळ या तीन खुंट्यांना बांधलेल्या या कार्यक्रमांत पाथर्डी-शेवगावकडील त्या माणसाला जागा नसते, जो मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयत्यासह बाहेर पडतो आणि गाळपाचा हंगाम संपल्याशिवाय घरी परतत नाही. ज्या मंडळीतील कुटुंबे अशी जात असतील, त्या मंडळीचा आगमनकाळ, नाताळ आणि पुष्कळदा ईस्टरही त्या कुटुंबांवाचून साजरा होतो. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची फुली पडते आणि वर्षअखेरच्या अहवालात ‘उपस्थिती घटली’ असे वाक्य येते. वर्ग त्यांच्यापर्यंत गेला नाही, असे वाक्य मात्र त्या अहवालात येत नाही.

सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला ज्या जिल्ह्यात घातला गेला, त्या जिल्ह्यात कारखाना कोणालाही फार लांब नाही, आणि टोळ्यांच्या कोप्या कोठे पडल्या आहेत हे विचारण्यास मुकादमाचा एक दूरध्वनी पुरतो. यंदाच्या मसुद्यात भंडारदऱ्याच्या सहलीसाठी जी रक्कम धरली असेल, तिचा एक हिस्सा काढून डिसेंबरातील दोन रविवारी वर्गातील चार-सहा जणांनी संध्याकाळच्या वेळी, तोड आटोपल्यावर, त्या कोप्यांवर जावे, तेथेच शास्त्रपाठ वाचावा आणि मग ऐकत बसावे, असा ठराव पुढील बैठकीत कोणीतरी मांडावा. त्यास अनुमोदन देणाराही त्याच बैठकीत उठेल. प्रश्न उरेल तो जीपच्या भाड्याचा आणि आठवड्यातील एकुलती एक मोकळी संध्याकाळ कोण देणार याचा.