मोटारींच्या दुकानांचें दर्शनी अंग

जून २०२२ मध्यें अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम करण्यांत आला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. रस्ते झाले कीं मोटारी येतात, आणि मोटारींमागून त्यांचीं विक्रीगृहें. नवल एवढेंच कीं, वऱ्हाडांतील विक्रीगृहाची मुद्रा नाशिक वा दिल्ली येथील त्याच कंपनीच्या दुकानाहून तिळमात्र निराळी नसते.

हा योगायोग नव्हे. पाटीचा रंग, अक्षरांचें वळण, दर्शनी भिंतीवरील पत्रे, कांचेचा विस्तार, सारें कंपनी आधींच ठरवून देते. दुकानदार गांवचा, रूप मात्र बाहेरचें! मारुती सुझुकीनें २०१५ सालीं ‘नेक्सा’ दुकानांस काळा-पांढरा वेश दिला; २०१७ पासून ‘अरेना’ दुकानें निळ्या छटेंत आलीं. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें तर १९४८ सालींच विक्रेत्यांच्या इमारतींच्या आंखणीवर सबंध ग्रंथ छापला होता. धांवत्या गाडींतून पाहणाऱ्यास दोन-तीन क्षणांत ओळख पटावी, हा यांतील हेतु रास्तच आहे.

परंतु वऱ्हाडच्या उन्हास हे नियम ठाऊक नाहींत. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो. दुकानाचें तोंड पश्चिमेस असून तें सबंध कांचेचें केलें, तर दुपारीं तीननंतर तिरपे किरण थेट आंत शिरतात. तापलेल्या फरशीची ऊब कांचेतून सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. ती वातानुकूलन यंत्रास उपसावी लागते आणि विजेचें बिल दुकानदारास भरावें लागतें. सूर्य खालीं उतरल्यावर छज्जाहि कुचकामाचा; तेथें उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा आपल्या वाड्यांसारखी खोल ओसरीच हवी.

ऊर्जा दक्षता ब्यूरोची २०१७ ची संहिता मोठ्या व्यापारी इमारतींत भिंतींच्या एकूण क्षेत्राच्या शेंकडा ४० पर्यंत कांच चालवून घेते. म्हणजे एक बाजू सबंध कांचेची करतां येते. ती कोणती, एवढाच प्रश्न. आपला महामार्ग साधारणतः पूर्व-पश्चिम जातो, हें भाग्यच म्हणावयाचें. रस्त्याच्या दक्षिणेकडील जागेचें तोंड उत्तरेस येतें. तेथें कांच खुशाल लावावी. उत्तरेकडील जागेचें तोंड दक्षिणेस; पण मेअखेर मध्यान्हीं सूर्य येथें अगदीं डोक्यावर असल्यानें बेताचा छज्जाहि पुरे. खरी अडचण शहरांतील वळणाच्या रस्त्यांवर.

कंपनी ऐकेल काय? पाटीचें उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनानें २०२२ सालीं कायदा दुरुस्त करून दुकानांचें नांव देवनागरींत, इतर लिपींहून लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणें सर्वांस बंधनकारक केलें. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. ठरीव मुद्रेंत अक्षरांस जागा निघते, तर सावलीसहि निघेल. मात्र तें मागावयाचें कंपनीशीं करार होण्यापूर्वीं, उत्तर दिशा दाखविलेला नकाशा पुढें ठेवून. पाया भरल्यावर नव्हे.