जुन्या गाडीचे तेल आणि नवा मालक

हळदीचे पैसे हाती आले म्हणजे वसमत तालुक्यात जी खरेदी होते, तीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडू लागली आहे: पुण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या क्रमांकाची, दोन मालकांच्या हातून निघालेली, लाखाहून अधिक किलोमीटर धावलेली आणि क्लचचे पायडल नसलेली मोटार. कुरुंद्यासारख्या गावी जमिनीचा तुकडा घ्यावयाचा झाला तर सातबारा निघतो, फेरफाराची एकेक नोंद वाचली जाते, चतुःसीमा पडताळल्या जातात, आणि तलाठ्याच्या दप्तरातील शेवटचा कागद पाहिल्यावाचून कोणी इसारही देत नाही. परंतु तीच चोखंदळ माणसे मोटार घेताना टायर दाबून, सीटचे कव्हर न्याहाळून, फार तर इंजिनच्या तेलाची पट्टी ओढून पाहून समाधान पावतात, आणि ज्याच्या दुरुस्तीचा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल शेवटचे केव्हा बदलले, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मालकी हस्तांतरणाचे 29 आणि 30 क्रमांकाचे नमुने भरताना याची विचारपूस होत नाही. सरकारने ती करावी असा माझा आग्रह नाही. पण घेणाऱ्याने पावत्यांचा तपशील मागावा, आणि तो न मिळाल्यास तेल कधीच बदललेले नाही असे गृहीत धरून व्यवहार करावा, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन.

गाडी दारी आल्यावर मेस्त्री बजावतो, ‘चालतंय तोवर चालू द्या, ऑटोमॅटिकच्या ऑइलला हात लावू नका.’ इकडे काही कंपन्यांची पुस्तिकाही सांगते की हे तेल गाडीच्या हयातीत बदलण्याचे कारण नाही. एकाचे भय आणि दुसऱ्याची ग्वाही यांची फलश्रुती एकच, ती म्हणजे उपेक्षा. वस्तुतः अनेक नामांकित मोटारींना गिअरबॉक्स पुरविणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे तेल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांच्या मुदतीत, बदलण्यास सांगते. नवी गाडी विकणाऱ्याचे हित पहिल्या मालकापुरते असते, आणि गिअरबॉक्सची खरी परीक्षा तिसऱ्या मालकाच्या दारी होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोन सल्ल्यांतील तफावतीचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनची शक्ती पुढे पोहोचविणारे तेलच, क्लचच्या प्लेटा दाबून धरणारे तेलच, आणि उष्णता कूलरकडे वाहून नेणारेही तेलच. शिवाय त्या प्लेटांमधील घर्षण नेमके हवे तेवढेच राहावे, यासाठी त्यात खास द्रव्ये मिसळलेली असतात. (अमेरिकेत एके काळी हे काम स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करून घेत, 1970 च्या दशकाच्या आरंभी ते बंद झाले, तेव्हा गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी एकाएकी वाढल्या होत्या.) ही द्रव्ये उष्णतेने झिजतात. ढोबळ हिशेब असा की तेलाचे तापमान नेहमीपेक्षा दहा अंशांनी वाढत गेले की दर टप्प्याला त्याचे आयुष्य निम्मे होत जाते, आणि मराठवाड्याचा वैशाख, सहा माणसे व टपावरचे ओझे यांचा विचार पुस्तिका लिहिणाऱ्याने केलेला असेलच असे नाही.

मेस्त्रीचे भय अनुभवातून आलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. गाडी गिअर टाकताना झटके मारू लागली, ओढेनाशी झाली, की मगच मालकाला तेलाची आठवण होते. नवे तेल पडते. आठवड्याभरात गाडी उभी राहते, आणि अपयशाचे खापर नव्या तेलावर फुटते. प्लेटांचे अस्तर आधीच संपलेले होते, हे कोणी पाहत नाही. ज्या कुरुंद्यावरून विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या घराण्याला आडनाव मिळाले, त्या गावात तरी आधी घडले तेच कारण, हा न्याय बिनतक्रार मान्य होऊ नये. मात्र यंत्राने दाब देऊन सारे तेल एकदम धुऊन काढल्यास तळाचा गाळ उठून व्हॉल्व्हच्या सूक्ष्म मार्गांत अडकू शकतो, एवढ्यापुरते भय रास्त आहे.

म्हणून गाडी सुरळीत चालत असतानाच तेल बदलावे, आणि तेही टप्प्याटप्प्याने. खालचा नट उघडल्यावर साधारणतः तिसरा हिस्सा ते निम्मेच तेल बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. तेव्हा जेवढे निघाले तेवढेच भरून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तोच क्रम करावा. तळाचे तेलाचे चेंबर उतरवून लोहचुंबकावरचा कीस पाहावा: बारीक राखाडी लेप स्वाभाविक, धातूचे तुकडे अशुभ. जाळी बदलण्याजोगी असल्यास बदलावी, आणि तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच मोजावी. तेल पुस्तिकेतील क्रमांकाचेच हवे. टॉर्क कन्व्हर्टरसाठीचे लाल तेल सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घातले तर तो पट्टा घसरून खराब होतो, आणि 2014 पासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्यांत मूळचा साधाच गिअरबॉक्स असल्याने तिथे हा सारा विचारच निराळा.

जुलै 2022 मध्ये कुरुंद्याच्या घरांत पुराचे पाणी शिरले होते. तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र टप्प्याटप्प्याची सबुरी उपयोगाची नाही. गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून पाणी आत जाते, तेल दुधट गुलाबी होते, आणि प्लेटांचे कागदी अस्तर पाणी शोषून सुटू लागते. किल्ली न फिरविता गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच गॅरेजात न्यावी आणि आधी तेल काढून पाहावे. अस्तर सुटलेले असल्यास कितीही वेळा तेल बदलले तरी ते पुन्हा चिकटत नाही. तेव्हा गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चाचा अंदाज नांदेडच्या दोन ठिकाणांहून घ्यावा, आणि मगच गाडी ठेवावयाची की काढावयाची ते ठरवावे.