कंत्राटी रब्बी आणि चार भागांची मालिका

सिनेगॉगच्या आवारात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. तिची पर्स मिळते ती खुद्द रब्बींच्या गाडीत. आदल्या रात्री हे रब्बीमहाशय कुठे होते? तर सिनेगॉगमधल्याच आपल्या अभ्यासिकेत, नव्यानं आलेली पुस्तकं वाचत. साक्षीदार एकही नाही. वाचनात रात्र कधी उलटली ते कळलं नाही, गाडी तिथेच ठेवून स्वारी पायी घरी गेली, आणि सकाळी उठायला उशीर झाला.

हॅरी केमेलमन या अमेरिकन लेखकाच्या 'फ्रायडे द रॅबाय स्लेप्ट लेट' या कादंबरीतला हा पेच. कादंबरी १९६४ साली आली. लेखकाची ही पहिलीच कादंबरी, आणि तिला रहस्यकथांसाठी दिलं जाणारं एडगर पारितोषिक मिळालं. जून १९७६मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणीपट झाला आणि त्यातूनच 'लॅनिगन्स रॅबाय' ही मालिका निघाली. जानेवारी १९७७मध्ये सुरू झाली, जुलैत बंद पडली. भाग किती झाले? अवघे चार!

धर्मगुरू आणि डिटेक्टिव्ह ही जोडी तशी जुनी. चेस्टरटनचे फादर ब्राउन १९१०पासून गुन्हे उकलत आले आहेत. पण कॅथलिक पाद्र्याचं बळ वेगळं. तो लोकांची कबुली ऐकतो, पाप आतून कसं दिसतं हे त्याला ठाऊक असतं. रब्बींकडे असं कुणी कबुली द्यायला येत नाही. रब्बी मुळात धर्मशास्त्राचा पंडित. नुसती प्रार्थना चालवायला त्याची गरजही नसते. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचंच बघा ना. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली'. त्यांच्याकडे प्रार्थना सांगायला हझ्झान असे. रब्बी ही संस्था त्यांच्यात फारशी रुजलीच नाही. मग रब्बीचं खरं काम काय? तर न्याय सांगणं, शास्त्राचा अर्थ लावणं.

केमेलमनच्या पहिल्या कादंबरीची सुरुवातही खुनानं होत नाही, ती होते अशाच एका निवाड्यानं. मंडळींपैकी एकानं दुसऱ्याची गाडी मागून नेली आणि इंजिन जळलं. भरपाई कोणी द्यायची? दोघांचं बोलणं बंद. रब्बी डेव्हिड स्मॉल म्हणतात, या, आपण तालमूदच्या पद्धतीनं निवाडा करू. तालमूदमध्ये मोटारगाडी कुठली असायला? पण मागून नेलेलं जनावर काम करता करता मेलं तर नुकसान कोणाचं, याचा मात्र तिथे बारीक खल आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक हुडकून काढायचा, ही ती रीत. पुढे खुनाच्या तपासात हीच रीत रब्बींच्या कामी येते. भिंग नाही, पाठलाग नाही, पिस्तूल तर नाहीच.

आणि खुनाहून अधिक जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. डेव्हिड स्मॉल नोकर आहेत, तेही करारावरचे. कराराची मुदत संपत आलेली, आणि तो वाढवायचा की नाही हे ठरवणार सिनेगॉगचं मंडळ. आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानच्या विश्वस्तांची बैठक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. मंडळावर व्यापारी, धंदेवाले. त्यांना हवा रुबाबदार, चारचौघांत उठून दिसणारा रब्बी. यांना मिळालाय किडकिडीत, चुरगळलेल्या कपड्यांतला, कुणाची भीड न ठेवणारा विद्वान. त्यातच गाडीत पर्स सापडलेली! केमेलमनना खरं तर उपनगरातल्या ज्यू वस्तीवरच कादंबरी लिहायची होती. त्यात रहस्य घाला, ही सूचना संपादकाची. सूचना फळली, पण पुस्तकाचा जीव त्या मंडळाच्या बैठकांतच आहे.

पडद्यावर आल्यावर तोल बदलला. कादंबरीतलं गाव मॅसॅच्युसेट्समधलं बर्नार्ड्स क्रॉसिंग. मालिकेनं बिऱ्हाड हलवलं कॅलिफोर्नियात. नावही पाहा. पुस्तकाच्या नावात एकटा रब्बी, मालिकेच्या नावात आधी लॅनिगन, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख. हा लॅनिगन कॅथलिक. त्याची आणि रब्बीची मैत्री, एकमेकांच्या धर्माबद्दलच्या त्यांच्या गप्पा हा पुस्तकांतला मोठा गोड भाग. पण लॅनिगन झाला होता आर्ट कार्नी, 'हॅरी अँड टोंटो'साठी ऑस्कर मिळवलेला नट. एवढा मोठा नट घेतल्यावर पाटीवर त्याच्या भूमिकेचं नाव पुढे येणारच. रब्बी मात्र बदलला. पहिल्या दूरचित्रवाणीपटात स्टुअर्ट मार्गोलिन होता, मालिकेत आला ब्रूस सॉलोमन. ज्याच्या डोक्यावर सगळी भिस्त, त्याचा चेहराच प्रेक्षकांना नव्यानं ओळखून घ्यावा लागला.

शिवाय ही मालिका दर आठवड्याला दिसायची नाहीच. एनबीसी वाहिनीवर रविवारच्या रहस्यपटांचा फिरता पाळणा होता. एका रविवारी 'कोलंबो', एका रविवारी 'मॅक्लाउड', कधी 'मॅकमिलन', आणि चौथी पाळी रब्बींची. सहा महिन्यांत चारदा भेटणाऱ्या पाहुण्याचा लळा लागायचा तरी कसा? ही चौथी पाळी रिकामी झाली होती ती 'क्विन्सी'मुळे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची ही मालिका तिथे रुळली, तिला स्वतंत्र जागा मिळाली आणि ती १९८३पर्यंत चालली. रब्बींच्या नशिबी ते नव्हतं. १९७७मध्ये तो पाळणाच थांबला.

केमेलमन थांबले नाहीत. शुक्रवारपासून सुरू केलेली वारांची माळ त्यांनी मालिका संपल्यावर, १९७८मध्ये, गुरुवारच्या कादंबरीनं पुरी केली. वार संपले तरी रब्बी संपेनात. १९९६मध्ये लेखक वारले, त्याच वर्षी शेवटची कादंबरी आली. तिच्या आधीची १९९२ची. ज्या रब्बीचा करार राहतो की जातो या काळजीत वाचकांनी इतकी वर्षं काढली, त्यानं या पुस्तकात मंडळाला तसदीच दिली नाही. पुस्तकाचं नावच आहे 'द डे द रॅबाय रिझाइन्ड'.